पाइप टाकले, जिप्सम झाला, आता खत कसं द्यायचं? सुधारलेल्या जमिनीतलं धान्य आणि वैरण

खारवट-चोपण जमिनीत निचऱ्याचे पाइप टाकून झाले, जिप्सम, म्हणजे मातीतलं सोडियम हटवणारं कॅल्शियमचं खनिज, विस्कटून झाला, पावसाचं पाणी दोनदा मातीत मुरून चरातून बाहेर गेलं. आता घरातला जो तो एकच विचारतो: ऊस कधी लावायचा?

माझं उत्तर ठरलेलं आहे. दोन वर्षं ऊस नको. ती दोन वर्षं जोंधळा, गहू, मका आणि वैरण घ्या, आणि खताच्या बाबतीत उसाची सवय बांधावर ठेवून या. उसाला आपण पोती मोजून खत टाकतो, एका भरणीत उरकतो. नुकत्याच सुधारलेल्या जमिनीत ही सवय महागात पडते. तिथं खत थोडं थोडं, जास्त वेळा आणि मातीच्या आत द्यावं लागतं. हे कसं करायचं ते पहिल्यापासून सांगतो. ज्यांच्या वाट्याला अशी जमीन पहिल्यांदाच आली आहे, नोकरी सोडून गावाकडे आलेत किंवा वाटणीत नेमका तोच तुकडा मिळाला आहे, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

आपल्या बेळगाव जिल्ह्यात कागवाड, उगार, अथणी, रायबाग, आणि इकडे चिकोडी-निपाणीकडच्या दूधगंगा-वेदगंगेच्या काठानं जमिनी बिघडल्या त्या हळूहळू. भारी काळी माती, पाटाचं आणि लिफ्टचं मुबलक पाणी, वर्षानुवर्षं ऊस, आणि पाण्याला बाहेर जायला वाट नाही. पाण्याची पातळी वर आली आणि तिच्याबरोबर मीठही वर आलं. अथणीकडे पाऊस मुळातच कमी, वर्षाला पाचशे-सहाशे मिलिमीटर. तेवढ्यानं मीठ आपोआप धुऊन जात नाही.

पहिली पायरी: जमिनीची जात ओळखा

आपण सरसकट 'खारवट' म्हणतो, पण त्यात तीन प्रकार आहेत आणि तिघांचं औषध वेगळं.

क्षारपड जमिनीवर पांढरं मीठ फुलतं. माती वाळली की भुसभुशीत लागते. पाणी देऊनही पीक तहानल्यासारखं दिसतं, कारण मिठामुळे मुळांना पाणी ओढता येत नाही. या मातीच्या संपृक्त अर्काची, म्हणजे माती पाण्यानं पूर्ण भिजवून काढलेल्या पाण्याची, क्षारता, म्हणजे ईसी, ४ डेसिसायमन प्रति मीटरच्या वर असते, सामू (पीएच) ८.५ च्या खाली असतो आणि मातीच्या कणांना चिकटलेल्या सोडियमचं शेकडा प्रमाण, ईएसपी, १५ च्या आत. इथं निचरा आणि गोडं पाणी पुरतं, जिप्समची गरज नसते.

चोपण जमीन ओली असताना साबणासारखी निसरडी आणि वाळली की ढेकूळ कुदळीला दाद देत नाही. पावसाचं पाणी वर दिवसेंदिवस तुंबतं आणि तेही गढूळ राहतं. इथं सामू ८.५ च्या वर आणि ईएसपी १५ च्या वर. पुस्तकात १५ ही सीमा असली तरी आपल्या काळ्या मातीत चिकणमातीच इतकी की सहा ते दहाच्या दरम्यानच मातीची छिद्रं मिटायला लागतात. त्यामुळे १५ ची वाट बघत बसू नका.

तिसरी क्षारयुक्त चोपण, म्हणजे दोन्ही रोग एकाच वेळी. हिच्या बाबतीत सर्वांत जास्त जपायला हवं. जिप्सम न घालता नुसतं पाणी कोंडून धुतली तर मीठ निघून जातं, सोडियम मातीला चिकटून राहतो आणि जमीन पक्की चोपण होते.

घरच्या घरी एक परीक्षा करता येते. काचेच्या पेल्यात पावसाचं साठवलेलं पाणी घ्या. हरभऱ्याएवढा वाळलेला मातीचा खडा अलगद सोडा, ढवळू नका. दोन-तीन तासांनी बघा. खडा नुसता विस्कटून तळाला बसला आणि पाणी नितळ राहिलं तर सोडियमची भीती कमी. खड्याभोवती दुधाळ ढग उठून पाणी गढूळ झालं तर सोडियम आहे. शेजारी दुसऱ्या पेल्यात चिमूटभर जिप्सम घालून तसाच खडा सोडा. पाणी नितळ राहिलं की जिप्सम काय काम करतो ते डोळ्यांनी दिसतं. मात्र मिठाचं प्रमाण जास्त असलेली क्षारयुक्त चोपण माती या परीक्षेत फसवते, कारण मीठ असेपर्यंत ती पाणी गढूळ करत नाही. म्हणून प्रयोगशाळा टाळता येत नाही.

दुसरी पायरी: माती परीक्षण, आणि कार्डावरचं कन्नड

पीक निघाल्यावर, एप्रिल-मेमध्ये नमुना घ्या. नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणी २० सेंटिमीटर खोल व्ही आकाराचा खड्डा घ्यायचा, कडेची माती घमेल्यात गोळा करायची, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकायचे, असं अर्धा किलो उरेपर्यंत. दुसरा नमुना ३० ते ६० सेंटिमीटर खोलीवरचा, वेगळा. पांढरा पट्टा आणि चांगला पट्टा यांची माती एकत्र करू नका. नमुना रिकाम्या खताच्या पिशवीत तर कधीच भरू नका.

मृदा आरोग्य पत्रिकेत, म्हणजे कार्डावर, बारा गोष्टी येतात: नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबे, मंगल, बोरॉन, सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब. त्यात ईएसपी नाही आणि जिप्समची गरजही नाही. त्या दोन्ही, आणि मोकळ्या चुन्याचं प्रमाण, वेगळं मागून करून घ्यावं लागतं. होबळीच्या, म्हणजे तालुक्याखालच्या महसुली गटाच्या, रैत संपर्क केंद्रात (कृषी खात्याच्या कचेरीत) विचारा. गोकाकजवळच्या तुक्कानट्टीच्या किंवा बैलहोंगल भागातल्या मत्तीकोप्पच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा धारवाडच्या कृषी विज्ञान विद्यापीठातही चौकशी करता येते.

कार्ड कन्नडमध्ये येतं. आपल्यातल्या बऱ्याच जणांना कन्नड बोलता येतं, पण वाचताना अडखळायला होतं. हे शब्द लिहून ठेवा. रससार म्हणजे सामू. सारजनक म्हणजे नत्र. रंजक म्हणजे स्फुरद. सावयव इंगाल म्हणजे सेंद्रिय कर्ब. गंधक तोच. सतु म्हणजे जस्त, कब्बिण म्हणजे लोह. सवळु-जवळु म्हटलं की मिठानं आणि पाण्यानं बिघडलेली जमीन.

आणि एक शब्द घात करतो: क्षार. मराठीत आपण क्षार म्हणतो मिठाला, क्षारता म्हणजे ईसी. कन्नडमध्ये मिठाला लवण म्हणतात, आणि क्षार म्हणजे सामू वर चढलेला, आम्लाच्या उलट. म्हणजे कन्नड कार्डावरची क्षार जमीन ही आपली चोपण, क्षारपड नव्हे.

या एका शब्दापायी माझा पूर्ण हंगाम गेला. पहिल्या वर्षी कार्डावर 'क्षार' वाचलं, वाटलं मीठच आहे, धुऊन टाकू. जिप्सम न घालता महिनाभर वाफ्यात पाणी कोंडलं. पाणी मुरेना, माती वरून डांबरासारखी बसली, आणि शाळू पेरायला गेलो तर कुरीचा, म्हणजे पेरणीच्या अवजाराचा, फण आत शिरेना. ज्यांनी कार्ड दिलं त्यांनी एक वाक्य तोंडी समजावलं असतं तर पुष्कळ झालं असतं. तेव्हापासून कुणीही कार्ड दाखवलं की मी आधी रससार आणि लवणाच्या ओळींवर बोट ठेवतो.

आणखी एक. आपल्याकडच्या प्रयोगशाळा ईसी बहुधा एक भाग माती आणि अडीच भाग पाणी असं मोजतात. पाणी जास्त असल्यानं हा आकडा संपृक्त अर्कापेक्षा बराच कमी येतो. त्यामुळे कार्डावर १.५ दिसलं म्हणून '४ च्या आत आहे' असं समजू नका. या पद्धतीत १ च्या वर गेलं की बियाणं उगवताना त्रास होतो, हे धरून चाला.

तिसरी पायरी: खत देण्याआधी जमीन तयार आहे का

खतानं मीठ जात नाही. उलट बहुतेक रासायनिक खतं स्वतःच मीठ असतात. म्हणून आधी हे बघा.

निचरा चालू आहे का? सच्छिद्र पाइप साधारण एक ते सव्वा मीटर खोल असतात. शेतात दीड मीटर खोल एक छिद्रं पाडलेली नळी उभी पुरून ठेवा. पाणी दिल्यावर दोन-तीन दिवसांनी नळीतलं पाणी मीटरभराच्या खाली गेलं पाहिजे. गेलं नाही तर पाइपाचं तोंड बुजलंय किंवा नाला भरलाय. ते मोकळं केल्याशिवाय खताचं पोतं फोडू नका.

जिप्सम पुरेसा पडला का? प्रयोगशाळा गरज शंभर ग्रॅम मातीला इतके मिलिइक्विव्हॅलंट अशी देते. वरच्या १५ सेंटिमीटर थरासाठी दर १ मिलिइक्विव्हॅलंटला शुद्ध जिप्सम हेक्टरी १.७२ टन, म्हणजे एकरी साधारण ७०० किलो. गरज ५ आली तर एकरी साडेतीन टन. पहिल्या वर्षी निम्मा, पावणेदोन टन, दिला तरी उथळ मुळांच्या धान्य पिकांचं काम सुरू होतं. बाजारातला जिप्सम ७० टक्के शुद्ध असेल तर तोच हिशेब अडीच टनांवर जातो, हे विसरू नका. जिप्सम वरच्या १०-१५ सेंटिमीटरमध्येच मिसळायचा. खोल नांगरून गाडला की वाया जातो. मातीत मोकळा चुना भरपूर असेल, पातळ आम्लाचा थेंब टाकल्यावर फसफसत असेल, तर गंधकही चालतं: एक टन जिप्समच्या जागी १८६ किलो. पण गंधकाचं काम जिवाणू करतात, त्याला ऊब, ओल आणि काही आठवडे लागतात.

मग धुणं. जितका खोल थर धुवायचा तितक्याच खोलीचं पाणी त्यातून खाली गेलं तर त्या थरातलं ७०-८० टक्के मीठ निघतं, असा ठोकताळा आहे. हे काम जून-जुलैच्या पावसात करा. आणि धुणं संपेपर्यंत नत्र देऊ नका, नाहीतर ते मिठाबरोबर नाल्यात जातं.

धुण्यानंतर माती भुकेली असते. म्हणून लगेच ताग किंवा धैंचा. चोपणीला धैंचाच बरा. एकरी २० किलो बी पेरा, फुलं यायच्या आत, ४०-४५ दिवसांनी गाडा. चांगला आला तर हेक्टरी ६०-८० किलो नत्र त्यातूनच मिळतं आणि त्याच्या मुळांनी मातीला भेगा पडतात त्या वेगळ्याच. शेणखत एकरी चार-पाच टन. साखर कारखान्याची मळी, म्हणजे प्रेसमड, आपल्या जिल्ह्यात मिळायला अडचण नाही. ती चोपणीला उत्तम, स्फुरद आणि चुना दोन्ही देते. पण कुजवून घ्या. ताजी मळी तापते आणि कोवळी रोपं मारते. कोंबडीखतात मीठ असतं, पहिल्या वर्षी ते टाळलेलंच बरं.

चौथी पायरी: पीक निवडा

संपृक्त अर्काची ईसी कुठल्या आकड्यापासून उत्पन्न घटायला लागतं, ते असं: सातू ८, जोंधळा ६.८, गहू ६, भात ३, लसूणघास २, मका १.७. आणि ऊसही १.७. हे आकडे वाचले की ऊस का थांबवायचा ते वेगळं सांगायला नको.

तेव्हा पहिला हंगाम जोंधळ्याचा किंवा गव्हाचा. मीठ थोडं कमी झालं की मका. लसूणघास तिसऱ्या वर्षी. गव्हात आपल्या भागाला खपली माहीत आहे. धारवाडच्या विद्यापीठाच्या डीडीके-१०२५ आणि डीडीके-१०२९ या जाती खपलीच्याच. बी नेहमीपेक्षा वीस-पंचवीस टक्के जास्त धरा, सगळं उगवणार नाही.

सरीवर पेरत असाल तर बी वरंब्याच्या माथ्यावर नको, बगलेत टाका. पाणी सरीतून वर चढतं आणि जाताना मीठ माथ्यावर सोडून जातं. खतही माथ्यावर नको.

पाचवी पायरी: खत

आता मुद्द्याचं. नत्रापासून सुरू करतो, कारण या जमिनीत सगळ्यांत जास्त तेच वाया जातं.

युरिया ओल्या मातीवर पडला की दोन-चार दिवसांत त्याचा अमोनिया होतो. सामू जास्त असला की हा अमोनिया वायू होऊन उडतो. शेतात नाकाला झोंबणारा वास आला तर समजा, पैसे हवेत चाललेत. उलट पाणी तुंबलं तर मातीतलं नायट्रेट वेगळ्या वाटेनं वायू होऊन जातं. आणि जास्त पाण्यानं धुतलं तर पाइपातून जातं. अशा तीन वाटांनी नत्र पळतं, म्हणून चोपण सुधारलेल्या जमिनीत नत्र शिफारशीपेक्षा पंचवीस टक्के जास्त द्यावं, असा सल्ला दिला जातो. पण हे जास्तीचं नत्र एका हप्त्यात नव्हे, जास्त हप्त्यांत द्यायचं.

पद्धत अशी. हलकं पाणी द्या. वाफसा आला की युरिया ओळीच्या बाजूला, बोटभर अंतर सोडून, पाच सेंटिमीटर खोल पाडा आणि लगेच कोळपं फिरवून झाका. पुढचं पाणी हलकंच. युरिया टाकून लगेच भरपूर पाणी सोडायची आपली उसाची रीत इथं चालत नाही. पेरणीच्या वेळी अमोनियम सल्फेट चांगलं, त्यातून २३-२४ टक्के गंधकही मिळतं. पण तेही चुनखडीच्या मातीत वर पडलं तर उडतं. कुरीच्या चाड्यातून आतच गेलं पाहिजे आणि बियाला चिकटता कामा नये.

स्फुरद कार्ड बघून द्या. द्यायचंच असेल तर सिंगल सुपर फॉस्फेट घ्या, डीएपी नको. सुपर फॉस्फेटमध्ये १६ टक्के स्फुरदाबरोबर ११ टक्के गंधक आणि भरपूर कॅल्शियम येतं, आणि आपल्याला सोडियमशी भांडायला कॅल्शियमच हवंय. दुकानदार डीएपीच पुढे करतो, कारण तेच जास्त खपतं. तुम्ही सुपरच मागा.

पालाश काळ्या मातीत बहुधा चांगलं असतं. कमी असेल तर म्युरेट ऑफ पोटॅश टाळा, त्यात क्लोराइड आहे. खतांचा मीठ-निर्देशांक असतो, सोडियम नायट्रेटला १०० धरून. म्युरेटचा ११६, युरियाचा ७५, सल्फेट ऑफ पोटॅशचा ४६, सुपर फॉस्फेटचा ८. महाग असलं तरी पहिली दोन वर्षं सल्फेट ऑफ पोटॅश वापरा.

जस्त मात्र विसरायचं नाही. सामू चढला की जस्त मातीत असूनही पिकाला मिळत नाही. एकरी १० किलो झिंक सल्फेट शेणखतात मिसळून पेरणीआधी द्या. सुपर फॉस्फेटबरोबर एकत्र करू नका, दोन्ही एकमेकांना अडवतात. मक्याच्या कोवळ्या पानांच्या बुडाला पांढरट पट्टा दिसला तर जस्त कमी पडलंय. मग अर्धा टक्का झिंक सल्फेट आणि पाव टक्का चुना यांची फवारणी करा, म्हणजे दहा लिटर पाण्याला ५० ग्रॅम आणि २५ ग्रॅम. जोंधळ्याची नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या राहिल्या तर लोह कमी आहे. दहा लिटरला ५० ग्रॅम फेरस सल्फेट आणि १० ग्रॅम सायट्रिक आम्ल, आठवड्यानं पुन्हा एकदा.

एका एकराचा हिशेब

दाण्याचा बागायती मका घ्या. हेक्टरी १५० किलो नत्र, ६५ स्फुरद, ६५ पालाश धरलं तर एकरी ६०, २६, २६. नत्र पंचवीस टक्के वाढवलं की ७५.

स्फुरदासाठी सुपर फॉस्फेट १६२ किलो, म्हणजे सव्वातीन पोती, सगळं पेरणीला. पालाश कार्डावर कमी असेल तर सल्फेट ऑफ पोटॅश ५२ किलो, भरपूर असेल तर निम्मं. पेरणीला अमोनियम सल्फेट दीड पोतं, त्यातून १५ किलो नत्र. उरलेल्या ६० किलो नत्राला ४५ किलोची तीन पोती युरिया: पहिलं वीस-पंचवीस दिवसांनी, दुसरं मका गुडघ्याला लागल्यावर, तिसरं तुरा यायच्या आधी. दर वेळी एकच पोतं. धैंचा चांगला गाडला असेल तर पहिल्या पोत्यातलं अर्धं मागे ठेवा आणि पानांचा रंग बघून ठरवा.

बागायती जोंधळ्याला हेक्टरी १०० किलो नत्र धरून याच रीतीनं तीन हप्ते. कोरडवाहू शाळूला यातलं बरंच कमी करा. ओल संपली की वर दिलेलं खत तसंच पडून राहतं, म्हणून सगळं पेरणीतच कुरीनं खोल जाऊ द्या. खपलीला नत्राचा हात आखडता ठेवा. गावरान खपली उंच वाढते, नत्र जास्त झालं की लोळते आणि कणीस भरत नाही. गव्हाला मुकुटमुळं फुटताना, पेरणीनंतर एकवीस दिवसांच्या सुमारास, हप्ता चुकवू नका.

वैरण: इथं जमीन आणि म्हैस दोन्ही सांभाळायची

मला विचाराल तर नव्या जमिनीत वैरणीसारखं पीक नाही. ती वर्षभर माती झाकून ठेवते, ऊन मातीला लागत नाही, आणि मीठ वर चढायचं थांबतं. दुधाचा पैसा दर आठवड्याला हातात येतो तो वेगळा.

जिथं मीठ अजून दिसतंय तिथं ऱ्होड्स गवत. जिथं पाणी साचतंच तिथं पॅरा गवत. बांधावर शेवरी लावा, ती ओलही सोसते आणि खारही, आणि शेळ्यांना आवडते. मधल्या बऱ्या पट्ट्यात हत्ती गवत. धारवाडच्या गवत संशोधन केंद्राची डीएचएन-६ ही जात आपल्या हवेला जुळते. ९० बाय ६० सेंटिमीटरवर ठोंबं लावा. पहिली कापणी सत्तर दिवसांच्या आसपास, मग दर सहा-आठ आठवड्यांनी. प्रत्येक कापणीनंतर एकरी पंचवीस-सत्तावीस किलो युरिया, ओळीत गाडून. कापलेल्या ठोंबांच्या माथ्यावर फेकू नका, जळतात. हत्ती गवतात ऑक्झॅलेट असतं, ते जनावराच्या अंगातला चुना बांधून टाकतं. म्हणून नुसतं तेच घालू नका, चवळी किंवा शेवरी मिसळा आणि खनिज मिश्रण द्या.

वैरणीच्या मक्याला, आफ्रिकन टॉल जातीला, एकरी ३० किलो बी आणि ४०-४५ किलो नत्र तीन हप्त्यांत. साठ-पासष्ट दिवसांनी, चीक भरताना कापा.

आता एक गोष्ट जिवावर बेतणारी. कडवळ, म्हणजे वैरणीचा जोंधळा, कोवळा असताना त्यात हायड्रोसायनिक आम्ल तयार होतं. त्यानं जनावराला होणाऱ्या विषबाधेला आपण किराळ लागणं म्हणतो. नत्र जास्त दिलेलं, पाण्याविना सुकलेलं, किंवा कापून नव्यानं फुटलेलं कोवळं कडवळ सगळ्यांत धोक्याचं. निम्मं शेत फुलोऱ्यात येईपर्यंत जनावराला दाखवू नका. कापून उन्हात वाळवलं की किराळाचा धोका कमी होतो. पण नत्र जास्त झालं की पिकात नायट्रेट हे दुसरं विष साठतं. त्याचा धोका वाळवून जात नाही, ते बुडख्यात साठून तसंच राहतं. म्हणून युरियाचा हप्ता दिल्यावर तीन आठवडे ती वैरण कापू नका, आणि दुष्काळात वाळलेल्या पिकाचा बुडखा जरा उंचावरून सोडून कापा. मुरघास केला तर दोन्ही बऱ्यापैकी उतरतात. जनावर धापा टाकायला लागलं, तोल जाऊ लागला, तर घरगुती उपाय करत बसू नका. लागलीच डॉक्टरांना बोलवा. या दोन्ही विषांवर इंजेक्शनं आहेत, पण वेळ मिनिटांत मोजायचा असतो.

खानापूरकडच्यांसाठी

वरचं सगळं खानापूर आणि बेळगावच्या पश्चिम पट्ट्याला लागू नाही. तिथं धो-धो पाऊस, तांबडी-जांभी माती, आणि माळ फोडून नवीन केलेली शेतं आम्लधर्मी. तिथं जिप्सम नव्हे, चुना हवा, तोही परीक्षणातल्या गरजेप्रमाणे पेरणीआधी महिनाभर. लोह आणि अॅल्युमिनियम स्फुरदाला धरून ठेवतात, म्हणून स्फुरद विस्कटून न देता ओळीत द्या. आम्ल मातीत रॉक फॉस्फेटही कामाला येतं, ते काळ्या चुनखडीच्या मातीत मात्र वाया जातं. म्युरेट ऑफ पोटॅश तिथं खुशाल वापरा, पावसात मीठ टिकत नाही. नत्रही पावसात टिकत नाही, म्हणून भाताला तीन हप्ते. कार्डावर तिथं 'आम्ल' लिहून येईल, त्या शब्दाचा अर्थ दोन्ही भाषांत एकच आहे.

दुसरं वर्ष

बोअरचं पाणी तपासून घ्या. कृष्णा-दूधगंगेचं पाणी गोडं असतं, पण बोअरमध्ये आरएससी, म्हणजे उरलेला कार्बोनेट, २.५ च्या वर निघाला तर ते पाणी जमीन पुन्हा चोपण करतं. असं पाणी वापरावंच लागलं तर दरवर्षी थोडा जिप्सम चालू ठेवा.

पूर येऊन गेला, २०१९ च्या ऑगस्टसारखा, तर आदल्या वर्षीचं कार्ड बाजूला ठेवा. गाळ बसलेली जमीन वेगळी जमीन असते. पाइपांची तोंडं आधी मोकळी करा आणि नमुना नव्यानं घ्या.

गव्हाची मळणी झाली की पुन्हा त्याच ठिकाणांहून दोन्ही खोलींचे नमुने घ्या आणि दोन्ही कार्डं शेजारी शेजारी ठेवून बघा. वरच्या थराचा आकडा उतरला आणि खालचा तसाच राहिला तर अजून एक पावसाळा धुण्यात जाऊ द्या. दोन्ही उतरले असतील तर नोव्हेंबरमध्ये दोन गुंठ्यांत लसूणघास पेरून बघा. ती एकसारखी उगवली आणि दुसऱ्या कापणीलाही पिवळी पडली नाही, तर घरात उसाचं बोलणं काढायला हरकत नाही.